सामायिक फोल्डरमधला दस्तऐवज: प्रकार आणि वर्तन यांचा इतिहास

तुमच्या प्रोजेक्ट गटाचा सामायिक फोल्डर उघडून पाहा. त्यात बहुधा एक वर्डची फाइल असेल, एखादी पीडीएफ असेल, थोडा कोड असेल आणि ब्राउझरमध्येच लिहिला जाणारा एखादा दस्तऐवज असेल. सगळे एकाच यादीत, एकाखाली एक दिसतात. त्यामुळे सगळे सारखेच वागतील असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. ते का होत नाही, हे समजण्यासाठी साधारण पन्नास वर्षे मागे जावे लागते. या टिपणात आपण तेच करणार आहोत.

आधी एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शेवटच्या वर्षाच्या चार मुलींचा गट होता. त्यांचा अहवाल वर्डमध्ये होता आणि सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेला होता. एकीने शुक्रवारी तो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला, गावी जाताना गाडीत चाचणीचे प्रकरण लिहिले आणि शनिवारी फाइल परत चढवली. दुसरीनेही शुक्रवारीच फाइल उतरवून घेतली होती. तिने संदर्भसूची नीट केली आणि रविवारी त्याच नावाने चढवली. फोल्डरने काहीही न विचारता तिची फाइल नवी आवृत्ती म्हणून स्वीकारली. चाचणीचे प्रकरण गायब आहे हे छपाईच्या आदल्या दिवशी कळले आणि तोवर जुन्या आवृत्त्या सांभाळण्याची त्या सेवेची मुदत संपून गेली होती. पहिलीची खात्री होती की मैत्रिणीने आपले प्रकरण उडवले. दुसरी सांगत होती की मी त्या प्रकरणाला हातही लावलेला नाही. दोघीही खरे बोलत होत्या. त्याच काळात त्या चौघी ब्राउझरमधल्या एका दस्तऐवजात एकाच वेळी बैठकीची टिपणे लिहीत होत्या आणि त्यातला एक शब्दही हरवला नव्हता.

संगणकशास्त्रात या अपघाताला 'हरवलेला बदल' म्हणतात. सामायिक दस्तऐवजांचा बराचसा इतिहास म्हणजे तो टाळण्याचे प्रयत्न आहेत.

सुरुवात डग्लस एंगलबार्ट यांच्यापासून करू. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी एनएलएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. माउस, दुवे, आणि दूरच्या सहकाऱ्यासोबत एकाच पडद्यावर काम हे सगळे त्यात होते. त्या प्रात्यक्षिकाबद्दल तुम्ही ऐकले असेल. त्याच गटाने १९७० मध्ये सुरू केलेल्या 'जर्नल'बद्दल बहुधा ऐकले नसेल, आणि आपल्या विषयाला ते जास्त जवळचे आहे. एनएलएसमधली साधी फाइल हवी तेव्हा बदलता येई. पण एखादा लेख जर्नलमध्ये दाखल केला की त्याला क्रमांक मिळे, तो कायमचा साठवला जाई आणि पुढे कोणालाही त्याचा हवाला देता येई. दुरुस्ती करायची असेल तर नवा लेख दाखल करावा लागे. म्हणजे एकाच प्रणालीत, एकाच तऱ्हेच्या मजकुरासाठी दोन वेगळी वर्तने होती. दस्तऐवजाचा प्रकार म्हणजे आत कोणता मजकूर आहे एवढेच नव्हे, तर त्याच्याशी कोण काय करू शकतो हेही त्यात येते, ही समज तेव्हाच आलेली होती. पुढे बराच काळ ती मागे पडली.

मागे पडण्याचे एक कारण युनिक्स. १९७०च्या दशकात युनिक्सने ठरवले की फाइल म्हणजे बाइटांची रांग, आत काय आहे याच्याशी प्रणालीच्या गाभ्याला कर्तव्य नाही. हा निर्णय फार उपयोगी ठरला, माझ्या मते त्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय. पण त्यामुळे 'प्रकार' ही गोष्ट फाइलच्या नावाच्या शेपटीत जाऊन बसली. १९८४च्या मॅकिंटॉशने प्रत्येक फाइलला चार अक्षरी प्रकार-संकेत आणि ती बनवणाऱ्या प्रोग्रामचा चार अक्षरी संकेत दिला. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ईमेलसाठी माइम प्रमाणक लिहिले, त्यातून 'इमेज/जेपेग' यांसारखी नावे आली. ही सगळी नावे 'फाइल कशाने उघडायची' एवढेच सांगतात. दोघांनी एकदम उघडली तर काय, यावर ती गप्प आहेत.

त्या प्रश्नाला प्रोग्रामर मंडळी आधीच भिडली होती. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस बनवले आणि १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी आरसीएस मांडले. दोन्हींचा नियम सरळ होता: बदल करायचा तर आधी फाइलला लॉक लावा, काम झाले की सोडा. ग्रंथालयातल्या एकुलत्या एक प्रतीसारखे. दुसऱ्याला थांबावे लागते, पण कोणाचे काही हरवत नाही. १९८६ पासून डिक ख्रूने यांच्या सीव्हीएसने उलट मार्ग धरला. लॉक नको, सगळ्यांनी एकाच वेळी बदला, नंतर ओळीला ओळ लावून बदल एकत्र करू. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तरच माणसाला विचारू.

इथे गंमत सुरू होते, म्हणून थोडे थांबू. ओळीला ओळ लावायची तर फाइलमध्ये ओळी असायला हव्यात. सीव्हीएस प्रत्येक फाइल मजकुराचीच आहे असे समजे. विंडोजवर फाइल उतरवताना ते ओळीच्या शेवटचा १० हा बाइट बदलून १३ आणि १० असे दोन बाइट लिही, कारण विंडोजमध्ये ओळ तशी संपते. कोडच्या फाइलला हे योग्यच. पण चित्राच्या फाइलमध्ये १० हा बाइट एखाद्या रंगाचा अंश असू शकतो. तिथेही १३ घुसे आणि चित्र बिघडे. उपाय म्हणजे ती फाइल जमा करतानाच 'ही मजकुराची नाही' असा पर्याय हाताने देणे. तो विसरला की फटका बसे. हा त्रास इतका ओळखीचा होता की १९९६च्या पीएनजी चित्रप्रकाराच्या रचनाकारांनी फाइलचे पहिले आठ बाइट मुद्दाम १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे ठेवले. वाटेत कोणी १३-१०ची उलथापालथ केली तर फाइल उघडताक्षणी ते लक्षात येते.

सबव्हर्जनची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली तेव्हा प्रकार ही फाइलला चिकटवलेली नोंद झाली. माइम प्रकार मजकुराचा नसेल तर सबव्हर्जन ओळी जुळवायच्या फंदात पडत नाही. २००५ मध्ये त्यात 'लॉक आवश्यक' ही खूण आली. ती लावलेली फाइल लॉक घेईपर्यंत तुमच्याकडे फक्त वाचण्यापुरती राहते. एकाच भांडारात कोड मुक्तपणे बदला, आराखड्याचे चित्र मात्र रांगेत उभे राहून बदला. प्रकारावरून वर्तन ठरते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सुचत नाही. आपल्या मुलींची वर्डची फाइल या हिशेबात चित्राच्या बाजूला पडते. २००७ पासूनची वर्डची फाइल म्हणजे आतल्या अनेक फाइलींचा झिप केलेला गठ्ठा असतो. दिसायला मजकूर, पण ओळीला ओळ लावण्याजोगे त्यात काही नाही.

वेबवरही हाच प्रश्न आला. फेब्रुवारी १९९९च्या वेबडॅव प्रमाणकाने एचटीटीपीमध्ये लॉक आणि अनलॉक या आज्ञा घातल्या. नावातला 'व्ही' आवृत्त्यांसाठी होता, पण आवृत्त्यांचा भाग वेळेत जमला नाही आणि तो २००२ मध्ये वेगळ्या प्रमाणकात आला. तोवर नाव मात्र तेच राहिले!

मोठ्या संस्थांसाठी दस्तऐवज व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे १९९० पासून वाढत होती. डॉक्युमेंटम त्याच वर्षी सुरू झाले. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी नियम आणला आणि कोणी, केव्हा, काय बदलले याचा माग ठेवणे त्यात बंधनकारक केले. म्हणजे औषधाच्या चाचणीचा अहवाल आणि कॅन्टीनची सूचना एकाच फोल्डरमध्ये असल्या, तरी त्यांचे नियम एक असू शकत नव्हते. अडचण अशी की प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरची प्रकारांची भाषा निराळी होती. मे २०१०च्या सीएमआयएस प्रमाणकाने ती एक करण्याचा प्रयत्न केला. त्यात मूळ प्रकार चारच आहेत: दस्तऐवज, फोल्डर, संबंध आणि धोरण. त्यांतून संस्थेने आपले उपप्रकार काढायचे. प्रत्येक दस्तऐवज-प्रकाराच्या व्याख्येतच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. याच्या आवृत्त्या ठेवायच्या का? आत प्रत्यक्ष फाइल असलीच पाहिजे, असली तर चालेल, की असूच नये? आवृत्त्या ठेवणाऱ्या प्रकारात दस्तऐवज 'बाहेर काढला' की तुम्हाला खासगी कामाची प्रत मिळते आणि ती परत जमा केली की नवी आवृत्ती तयार होते. शिवाय 'बदल-खूण' नावाची सोय आहे: तुम्ही फाइल घेतलीत तेव्हाची खूण परत देताना सोबत पाठवायची. मधल्या काळात कोणी बदल केला असेल तर खूण जुळत नाही आणि प्रणाली तुमची फाइल नाकारते. त्या रविवारी एवढी एक खूण तपासली गेली असती तर चाचणीचे प्रकरण वाचले असते.

आता ब्राउझरमधल्या दस्तऐवजाकडे. त्याचे मूळ १९८९ मध्ये क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी मांडलेल्या पद्धतीत आहे. तिथे फाइलची देवाणघेवाण होतच नाही, क्रियांची होते. 'दहाव्या जागी हे अक्षर घाला' असे तुम्ही पाठवलेत आणि त्याच क्षणी मैत्रिणीने पहिले अक्षर पुसले, तर तुमची क्रिया आपोआप 'नवव्या जागी' अशी बदलून लागू होते. लॉक नको, जुळवाजुळव नको. पण किंमत आहे. गूगल डॉक्समधल्या दस्तऐवजाला स्वतःची अशी फाइलच नसते. उतरवून घ्यायला गेलात की तो त्या क्षणी वर्ड किंवा पीडीएफमध्ये रूपांतरित करून दिला जातो. मग 'सादर केलेला अहवाल' नेमका कोणत्या क्षणाचा?

आपल्या सरकारी कार्यालयांना हा प्रश्न जुनाच आहे. कागदी नस्तीत एका बाजूला टिप्पणी आणि दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार असतो, दोन्हींचे नियम वेगळे. एनआयसीच्या ई-ऑफिसमध्ये पिवळी टीप हा मसुदा असतो, तो बदलता येतो किंवा टाकून देता येतो. हिरवी टीप नस्तीसोबत पुढे गेली की कायम होते. टिप्पणी हा माहितीचा भाग आहे की नाही यावर माहिती अधिकार कायद्यानंतर वाद झाला आणि २००६ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने ती उघड करण्याजोगी असल्याचे ठरवले. कागदाचा प्रकार कोणता, यावर नागरिकाला तो पाहायला मिळणार की नाही हे अवलंबून होते.

पुढच्या तासाआधी एक काम करा. तुमच्या गटाच्या फोल्डरमधली एक वर्डची फाइल, एक पीडीएफ, एक कोडची फाइल आणि एक ब्राउझरमधला दस्तऐवज घ्या. दोघांनी वेगवेगळ्या लॅपटॉपवरून प्रत्येकात बदल करा आणि परत जमा करा. मग वहीत लिहा: आधीचा मजकूर कुठे गेला, तो किती दिवस मिळेल, आणि बदल झाल्याचे दुसऱ्याला कोणी सांगितले का. प्रत मात्र खऱ्या अहवालाची घेऊ नका.