तटाबाहेरची वसई

वसईचा किल्ला पाहावयास आलेला पाहुणा पडक्या चर्चच्या कमानी पाहून परततो. तटालगतच्या पाचूबंदर कोळीवाड्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. वसईचा अर्धा इतिहास मात्र तेथे नांदतो, असे आम्हांस वाटते.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. तटाच्या आत मठ, चर्चे व वाडे उभे राहिले. वसईचेच सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पिले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले. चर्चच्या घंटाही गेल्या. त्यांतील एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. तटातील नगर हळूहळू ओस पडले.

तटाबाहेरची ख्रिस्ती रयत मात्र राहिली. राजाश्रय गेला तरी तिची श्रद्धा गेली नाही. आजही बंदरात होड्या नांगरतात, किनाऱ्यावर बोंबील वाळतात आणि किल्ल्यातील चर्चमध्ये संत गोन्सालोंचा सण साजरा होतो.

किल्ल्याचे दगड जपावयास पुरातत्त्व खाते आहे. ही माणसे, त्यांची बोली आणि त्यांची खाडी जपणे, हे काम आपलेच आहे.