अखेरचा असुर : जुन्नर-आंबेगाव परिसरातील स्थानकथा आणि व्हिडिओ गेममधील निर्णायक युद्ध

कथनात्म वाङ्मयाच्या अभ्यासात प्रतिनायकाच्या अंताची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या अंतानंतर त्याच्या नावाचे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. व्हिडिओ गेम हा नवा कथनप्रकार समोर आल्यापासून तो विचारणे अगत्याचे झाले आहे. अद्भुतरम्य साहसाच्या खेळांत नायक एकामागून एक भुयारे ओलांडीत जातो. या भुयारांना त्या परिभाषेत 'डंजन' म्हणतात. प्रत्येक डंजनच्या तळाशी एक बलाढ्य रक्षक उभा असतो, तो 'बॉस'. आणि शेवटच्या डंजनमध्ये सर्वांत प्रबळ असा अखेरचा बॉस. त्याचा पाडाव झाला की कथा संपते. संपूर्ण संहितेचा भार या एका युद्धावर तोललेला असतो.

या संकेताचा इतिहास फार जुना नाही. गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच १९७५ मध्ये अमेरिकेतील 'प्लेटो' या संगणकव्यवस्थेवर गॅरी व्हिझनहंट आणि रे वुड यांनी 'डीएनडी' हा खेळ रचला. त्यात भुयाराच्या तळाशी एक सुवर्ण ड्रॅगन दिव्य गोलकाची राखण करीत असे. संगणकीय खेळातील पहिला बॉस म्हणून सामान्यतः त्याचाच निर्देश केला जातो. पुढे १९८६ मध्ये जपानात 'लेजंड ऑफ झेल्डा' आणि 'ड्रॅगन क्वेस्ट' हे दोन खेळ आले आणि संकेताला स्थिर रूप मिळाले. पहिल्यातील गॅनन चांदीच्या बाणाखेरीज मरत नाही. दुसऱ्यातील ड्रॅगनलॉर्ड पराभूत झाल्यासारखा दिसताच आपले खरे अक्राळविक्राळ रूप धारण करतो आणि युद्ध पुन्हा आरंभते.

हे वाचताना मराठी वाचकाला पुराणांची आठवण झाली नाही तरच नवल. मर्मस्थान, वराने मिळालेले अवध्यत्व, रूपांतर, एकामागून एक धाडलेले असुर हे सारे आशयघटक त्याच्या ओळखीचे आहेत. त्यामुळे 'हे तर आपल्याकडे पूर्वीच होते' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ओझरहून इलिनॉयपर्यंत जाणारी कोणतीही ऐतिहासिक वाट नाही. येथे करता येते ती तुलना प्रकारांची, वंशावळीची नव्हे. आणि तशी तुलना केली म्हणजे साम्याहून भेदच अधिक बोलका ठरतो.

साम्य सर्वांत अधिक दिसते ते लेण्याद्रीच्या कथेत. जुन्नरजवळच्या या डोंगरातील बौद्ध विहारात आज गिरिजात्मजाचे ठाणे आहे. गणेशाचे बालपण येथे गेले, असे स्थानकथा सांगते. आपला मृत्यू या बालकाच्या हातून आहे हे कळल्यावर सिंधू दैत्याने क्रूर, व्योमासुर, क्षेम, कुशल इत्यादी असुर एकामागून एक धाडले आणि ते सारे मारले गेले. (दोन असुरांची नावे 'क्षेम' आणि 'कुशल' असावीत, यामागे कथाकाराची थट्टा असेल तर ती फार गंभीर थट्टा आहे.) अखेरचे युद्ध मोरगावला होते. सिंधूने सूर्याकडून मिळालेले अमृतपात्र गिळून पोटात ठेवलेले असते. गणेश प्रथम त्याचा सेनापती कमलासुर याला मारतो, मग सिंधूचे उदर फाडून ते पात्र रिते करतो. किरकोळ शत्रू, सेनापती, मग मर्मभेदाने होणारा राजाचा वध अशी ही चढण कोणत्याही खेळरचनाकाराने जशीच्या तशी उचलावी. फरक आहे तो स्थळाचा. लेण्याद्रीच्या गुहेत, जेथे खेळाने अखेरचा राक्षस बसविला असता, तेथे कथा पुत्रप्राप्तीसाठी तप करणाऱ्या पार्वतीला बसवते. डोंगर चढून, अंधाऱ्या दालनात शिरून भाविकाला भेटतो तो आईचा मुलगा. 'गिरिजात्मज' या नावाचा अर्थही तेवढाच आहे.

जुन्नर तालुक्यातच कुकडीच्या काठी असलेल्या ओझरची कथा मात्र सिंधूच्या कथेहून मुळातच निराळी आहे. राजा अभिनंदनाने यज्ञ मांडला आणि त्यात इंद्राला हविर्भाग दिला नाही. तो यज्ञ मोडण्यासाठी इंद्राने विघ्नासुराची योजना केली. विघ्नासुर तेवढ्यावर थांबला नाही; त्याने सगळेच यज्ञ, सगळीच सत्कर्मे उद्ध्वस्त करण्यास आरंभ केला. ऋषींनी गणेशाचा धावा केला, युद्ध झाले, आणि पराभव दिसू लागताच असुर शरण आला. येथवरची कथा चार वाक्यांत सांगून होते. सांगणारेही ती तशीच सांगतात. तिचा प्राण आहे तो पुढच्या तहात. गणेशाने अट घातली, की जेथे माझे पूजन आधी होईल तेथे तू फिरकू नयेस. असुराने मागणे मागितले, की तुझ्या नावाआधी माझे नाव घेतले जावे. दोन्ही मान्य झाले आणि देव 'विघ्नेश्वर' झाला.

या तहाची कलमे नीट वाचली पाहिजेत. असुर मेलेला नाही. त्याला जगातून हद्दपारही केलेले नाही. त्याची हद्द फक्त आखून दिलेली आहे. जेथे देवाचे स्मरण नाही तेथे विघ्नाचा संचार पूर्ववत चालू आहे. 'विघ्नेश्वर' हा षष्ठी तत्पुरुष आहे : विघ्नाचा ईश्वर. शत्रूचे नाव समासाच्या पूर्वपदी बसले आहे आणि त्याच्यावाचून देवाचे नाव पुरे होत नाही. नावांच्या इतिहासात मागे गेल्यास हा गुंता आणखी वाढतो. मानवगृह्यसूत्रात चार विनायक येतात ते माणसांना पछाडणारी, कार्यात अडथळे आणणारी भूते म्हणून. त्यांच्या शांतीचे विधी तेथे सांगितले आहेत. रा. गो. भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या विनायकांपासून गणपतीपर्यंतचा प्रवास तपासला आहे. विघ्न आणणारा आणि विघ्न हरणारा हे आरंभी एकच होते, असे मानल्यास विघ्नासुर हा देवाचेच जुने रूप ठरतो, आणि ओझरचा तह हा देवाने स्वतःच्या पूर्वचरित्राशी केलेला तह ठरतो.

आंबेगावकरांची भीमाशंकराची वाट मंचर-घोडेगावावरून जाते. देवस्थान खेड तालुक्यात असले तरी त्याचे रान आंबेगावातही पसरलेले आहे. शिवपुराणातील कथेप्रमाणे कुंभकर्ण आणि कर्कटी यांचा पुत्र भीम हा कामरूपाच्या सुदक्षिण राजाला बंदीत टाकतो आणि त्याने पूजिलेल्या पार्थिव लिंगावर तलवार उगारतो. त्या क्षणी शंकर प्रकट होऊन त्याला भस्म करतात. (कामरूपाच्या उल्लेखामुळे आसामातही एक भीमाशंकर दाखविला जातो.) येथे शरणागती नाही, तह नाही. निर्णायक प्रहार शस्त्राचाही नाही. तो एका हुंकाराचा आहे. तरीही देवाचे नाव 'भीमाशंकर'. जाळलेल्या शत्रूचे नाव आधी आणि विजेत्याचे मागून, हा क्रम ओझरसारखाच. जेजुरीच्या कथेत तर दोन्ही परी एकत्र नांदतात. मणी शरण येतो, आपला घोडा देतो आणि देवाजवळ जागा मिळवतो. मल्ल अखेरपर्यंत वाकत नाही. त्याचे मस्तक पायरीशी पडते आणि भक्त त्यावर पाय देऊन आत जातात. तरी देव 'मल्हारी' म्हणून ओळखला जातो. म्हणजे न वाकलेला शत्रूच नावात राहिला.

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुतकथेची जी एकतीस कार्ये सांगितली त्यांत युद्ध आहे, विजय आहे आणि शेवटाकडे दुष्टाला होणारी शिक्षाही आहे. क्वचित दुष्टाला क्षमा केली जाते हे प्रॉप नमूद करतात. पण ते शिक्षेचेच नकारी रूप म्हणून. ओझरच्या तहाला या आराखड्यात जागा मिळत नाही, कारण तो शिक्षाही नव्हे आणि क्षमाही नव्हे. पराभूताला त्यात अधिकार मिळतो, मर्यादा मिळते आणि नाव मिळते. व्हिडिओ गेमची रचना मात्र प्रॉपच्या चौकटीत सहज बसते. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये ड्रॅगनलॉर्ड युद्धापूर्वी नायकापुढे अर्धे जग वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवतो. खेळणाऱ्याने तो स्वीकारला तर खेळ तेथेच, पराभवात संपतो. तहाची भाषा या संहितेला ठाऊक आहे, पण ती फक्त सापळा म्हणून. टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल' (२०१५) या खेळाने शत्रूला न मारता पुढे जाण्याची वाट काढली, तीही मुख्यतः क्षमेची आणि मैत्रीची.

युद्धाच्या लांबीचा प्रश्नही यातूनच उलगडतो. हुंकाराला क्षण पुरतो. बॉसशी झुंजताना तास जातात. याचे कारण खेळणारा हरतो, पुन्हा उठतो, शत्रूच्या हालचालींचा क्रम पाठ करतो आणि अखेर जिंकतो. पराभव हा त्या संहितेच्या वाचनाचाच भाग आहे. पुराण ऐकणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो. पुनरावृत्ती तेथेही आहे, पण ती हरल्यामुळे होणारी नव्हे. दर वर्षी चंपाषष्ठी येते म्हणून होणारी. यात कोणता प्रकार श्रेष्ठ, हा प्रश्न गैरलागू आहे. मात्र युद्ध जितके लांबते तितकी युद्धोत्तर जागा आक्रसते, ही किंमत नव्या प्रकाराला मोजावी लागली आहे.

मराठी ग्रंथपरंपरेत तर विघ्नाची गाठ शेवटी पडतच नाही. ती पहिल्याच ओवीत पडते. मंगलाचरणातील गणेशवंदन हे ग्रंथ निर्विघ्न पार पडावा म्हणून असते, म्हणजे ओझरच्या तहातील कलमाचे ते दरवेळी केलेले नूतनीकरणच होय. ज्ञानेश्वरांनी त्या गणेशाला साक्षात वाङ्मयाचेच शरीर दिले, ही गोष्ट या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटते. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातच आळे येथे आहे. जो पशू देवीच्या शिल्पांत त्रिशूळाखाली दिसतो, तो येथे वेद बोलतो आणि समाधी पावतो. शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा हाही याच कुळातला. दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये म्हसोबाचे महिषासुराशी असलेले नाते तपासले आहे. देवीने मारलेला असुर गावाची राखण करीत बसलेला आढळतो, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) या खेळाचा विचार करता येतो. तो रचला नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील छोट्या संस्थेने. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही तिने काम पुरे केले. भारतीय पुराणविश्वावर उभा राहून जगभर खेळला गेलेला हा खेळ आहे, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. नायिका राजकन्या नाही. सर्कशीत कसरती करणारी पोर आहे. असुरांनी पळविलेल्या भावाला सोडविण्यासाठी ती निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. वाटेत भिंतींवरच्या चित्रांतून महिषासुरमर्दिनीची कथा उलगडते आणि शेवटी समोर येतो असुरांचा अधिपती महाबलासुर.

या अखेरच्या बॉसचे नाव हेच खेळाचे सर्वांत दुबळे अंग आहे. 'महाबल' हे विशेषण आहे. कोणत्याही असुराला ते लावता येईल. विघ्नासुराला ओझर आहे, कमलासुराला मोरगाव आहे, मल्लाला जेजुरीची पायरी आहे. महाबलासुराला गाव नाही, आणि कोणत्याही देवाच्या नावात त्याच्या नावाला जागा नाही. भिंतीवरच्या चित्रांत परंपरा आहे, वास्तूंत आहे, शस्त्रांत आहे. अखेरच्या युद्धाचा साचा मात्र १९८६ चाच आहे. पुराणातून शस्त्रे आणि रूपे घेतली गेली, तह घेतला गेला नाही. ओझरच्या देवळाच्या दारात दोन दगडी द्वारपाल उभे आहेत. वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) चिमाजी आप्पाने तेथील शिखरावर सोने चढविले आणि भीमाशंकरी पोर्तुगीजांची घंटा नेऊन टांगली, असे सांगितले जाते. ती घंटा देवदर्शनाला येणारा आजही पाहतो. जिंकून आणलेल्या वस्तूचे काय करायचे, याविषयी या मुलखाने आपल्या कथांत आणि देवळांत इतके सविस्तर सांगून ठेवले असताना, येथून काही मैलांवर खेळ रचणाऱ्यांनी त्यातले किती घेतले, हे त्यांच्या पुढच्या रचनांवरून ठरेल.