शब्दवेध : रोमान्स

'रोमान्स' म्हटलं की आज प्रेमच डोळ्यांपुढे येतं. पण मुळात हे भाषेचं नाव. लॅटिन ही पंडितांची भाषा, तर तिच्यातूनच उपजलेल्या लोकांच्या बोलीला जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमान्झ' म्हणत. १२व्या शतकात घोडेस्वार वीरांच्या कथा या बोलीत लिहिल्या गेल्या आणि बोलीचं नाव कथांनाच चिकटलं. अशा कथा लिहिणारा कवी क्रेतियां द त्रुआ याच्या लान्सलॉट या वीराच्या कथेतला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. जिच्यावर त्याचं प्रेम आहे त्या राणीच्या शोधात निघालेला हा वीर, गुन्हेगारांची धिंड काढायच्या गाडीत चढताना दोन पावलं अडखळतो. तेवढ्या दोन पावलांसाठी राणी पुढे त्याच्याशी बोलायलाही तयार होत नाही! शब्दात प्रेम शिरलं ते अशा कथांमधून. फ्रेंचमध्ये 'रोमां' म्हणजे आजही कादंबरी. आणि आपला 'कादंबरी' हा शब्दही बाणभट्टाच्या प्रेमकथेचंच, तिच्या नायिकेचं नाव.