कोयनाकाठची वस्ती आणि वाट

जावळी व महाबळेश्वर तालुक्यांच्या कोयना खोऱ्यातील दळणवळण पूर्वापार पायवाटांचे. 1964 साली कोयना धरण पुरे झाले. शिवसागर जलाशयात नदीकाठची भातखाचरे व वाटा बुडाल्या. कित्येक गावे पुनर्वसनात दूर गेली. राहिली ती डोंगरउतारावर वर सरकली. पलीकडच्या तीरावरून बामणोली वा तापोळा गाठण्यास लाँच हाच आधार उरला. तेथून पुढे सातारा व महाबळेश्वरचा रस्ता.

जमीन गेली तसा तरुण मुंबईस गेला. अनेकजण माथाडी झाले. 1969 च्या कायद्याने त्यांच्या कष्टास संरक्षण मिळाले. परंतु जनगणनेत माणूस जेथे नेहमी राहतो तेथेच मोजला जातो. साहजिकच खोऱ्याचा माणूस मुंबईच्या आकड्यात गेला.

25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. तिच्यात 2001 च्या जनगणनेनुसार सपाट भागात 500, तर ठरवून दिलेल्या डोंगरी व आदिवासी भागांत 250 लोकवस्तीची अट होती. रस्ता नाही म्हणून माणूस जातो आणि माणूस नाही म्हणून रस्ता अडतो, असा हा पेच आहे.

मात्र त्याच नियमांत 500 मीटरच्या आतील व डोंगराळ भागात दीड किलोमीटर वाटेवरील वाड्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची सवलत होती. देवळाच्या वर्गणीत गावकरी व मुंबईकर यांची नावे एकत्र येतात; सरकारी दप्तरात गावी राहणारेच धरले जातात. म्हणून गणनेच्या वेळी एकही वाडी, एकही घर नोंदीवाचून राहू नये, याची काळजी ग्रामस्थांनी अवश्य घ्यावी.