नांदेड एज्युकेशन सोसायटी

नांदेड एज्युकेशन सोसायटी ही महाराष्ट्रातील नांदेड शहरात १९५० साली स्थापन झालेली शिक्षणसंस्था आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे तिचे संस्थापक होत. संस्थेचे पीपल्स कॉलेज हे नांदेडमधील पहिले महाविद्यालय होय. पुढे संस्थेने सायन्स कॉलेजही सुरू केले.

पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजचा लातूर जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. लातूर हे उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेत स्थापन झाले आणि त्याचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठवाड्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज होते. मात्र त्यापुढील शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना हैदराबाद किंवा संस्थानाबाहेरील पुणे, मुंबई, नागपूर ही शहरे गाठावी लागत. नांदेड हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर असल्याने हैदराबादचा प्रवास शक्य होता. परंतु परक्या शहरात राहण्याचा खर्च आणि मातृभाषेहून वेगळे माध्यम या दोन अडचणींमुळे बहुतेक कुटुंबांतील मुलांचे शिक्षण शाळेतच थांबत असे. मुलींच्या बाबतीत तर ही मर्यादा अधिकच कठोर होती.

खासगी शाळा काढण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. अशा परिस्थितीतही लोकवर्गणीतून काही मराठी शाळा उभ्या राहिल्या. हिप्परगा (आता लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा) येथील १९२१ सालची राष्ट्रीय शाळा ही त्यांपैकी एक होय. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच पुढील काळातील स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२), यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केल्यानंतर या शाळेत अध्यापन केले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाई येथील योगेश्वरी विद्यालयात गेले. १९३८ च्या सत्याग्रहापासून त्यांनी स्वतःला पूर्णपणे राजकीय लढ्याला वाहून घेतले. या लढ्यातील अनेक कार्यकर्ते अशाच शाळांमधून घडले होते.

स्थापना

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि शाळा-महाविद्यालये काढण्यावरील जुने निर्बंध संपले. दोन वर्षांच्या आत नांदेडमध्ये सोसायटीची स्थापना होऊन पीपल्स कॉलेज सुरू झाले. याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. नावांतील साम्यामुळे या दोन संस्थांची गल्लत होते. परंतु त्या स्वतंत्र आहेत.

विस्तार आणि संलग्नता

पीपल्स कॉलेज प्रारंभी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला संलग्न होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि महाविद्यालय त्या विद्यापीठाशी जोडले गेले. विज्ञान शाखेसाठी सोसायटीने १९६३ मध्ये स्वतंत्र सायन्स कॉलेज स्थापन केले.

याच सुमारास परिसरात इतर संस्थाही पुढे आल्या. लातूरमध्ये १९६१ साली दयानंद शिक्षण संस्था स्थापन झाली. उदगीर येथे १९६२ साली महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय, तर नांदेडमध्ये १९६३ साली यशवंत महाविद्यालय सुरू झाले. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालचे असून पुढे ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या गेलेल्या परीक्षा-तयारीच्या पद्धतीशी त्याचे नाव जोडले गेले. अशा रीतीने दोन दशकांत उच्च शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणांबरोबरच तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा तेथे महाविद्यालयीन शिक्षणाची परंपरा आधीच रुजलेली होती.

नरहर कुरुंदकर

विचारवंत व समीक्षक नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे पीपल्स कॉलेजचे सर्वाधिक परिचित अध्यापक होत. त्यांचा जन्म नांदापूर (आता हिंगोली जिल्हा) येथे झाला. त्यांच्या पिढीतील अनेकांप्रमाणे त्यांनाही महाविद्यालयीन शिक्षणासाठी हैदराबादला जावे लागले. तेथे ते मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. १९५५ पासून नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक म्हणून काम केल्यानंतर १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. १९७७ पासून १० फेब्रुवारी १९८२ रोजी झालेल्या निधनापर्यंत ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इतिहास, धर्मशास्त्र, साहित्य आणि राजकारण या विषयांवरील त्यांच्या व्याख्यानांमुळे नांदेडला मराठी वैचारिक जगतात स्वतंत्र ओळख मिळाली.

विद्यापीठाची स्थापना

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि नंतर वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे येतात. त्याचे मुख्य परिसर विष्णुपुरी येथे, तर उपपरिसर लातूर येथे आहे. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे पूर्वी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

सोसायटीची महाविद्यालये आता याच विद्यापीठाला संलग्न आहेत. १९५० मध्ये हैदराबादेत असलेले संलग्नतेचे केंद्र १९५८ मध्ये औरंगाबादेत आणि १९९४ मध्ये नांदेडमध्येच आले. ज्या शहरात एकही महाविद्यालय नव्हते तेथे सोसायटीच्या संस्थापकाच्या नावाचे विद्यापीठ उभे राहण्यास ४४ वर्षे लागली.