चरबीपेशीचा जन्मदाखला

आजचा भाग पोटावरच्या चरबीच्या इतिहासाचा, आणि त्यात चक्क अणुबॉम्ब येणार आहे.

चरबी म्हणजे निव्वळ कोठार, असंच बराच काळ मानलं जाई. १९७४ साली अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या गर्भापासून वाढवलेल्या अशा पेशी मांडल्या, ज्या काचेच्या बशीत चरबी साठवू लागत. म्हणजे चरबीपेशीलाही पूर्वज असतो! २००१ मध्ये लॉस एंजेलिसला पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी लायपोसक्शनने काढलेल्या माणसाच्या चरबीतून हाड, कूर्चा घडवू शकणाऱ्या मूळपेशी मिळवल्या.

पण जिवंत माणसात मोठेपणीही नव्या चरबीपेशी जन्मतात का? इथे बॉम्ब येतो. १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढवला; पुढे तो उतरत गेला. पिकांतून तो अन्नात आला, अन्नातून आपल्या डीएनएत. पेशी जन्मते तेव्हाची हवा तिच्यात नोंदली जाते. जन्मदाखलाच म्हणा ना! २००८ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या गटाने तो वाचला. दरवर्षी सुमारे १० टक्के चरबीपेशी मरतात, तेवढ्याच नव्या येतात. एकूण संख्या बालपणात आणि पौगंडात ठरते. मोठेपणी बरंच वजन उतरवलं, तरी पेशी रोडावतात, संख्येने घटत नाहीत.

वजन परत चढलं की आपण सहज म्हणतो, 'जिभेवर ताबा नाही.' हे वाचल्यापासून मला तो टोमणा फार स्वस्त वाटतो.

आणि गंमत बघा, नव्या पेशी जन्मणं वाईटच असंही नाही. मूळपेशी कमी पडल्या, तर जुन्या पेशी फुगतात, त्यांच्याभोवती सूज येते, चरबी यकृतात नि स्नायूंत साठते. इन्सुलिनचा प्रभाव पडेनासा होतो. तीच मधुमेहाची वाट.

वजनकाट्याला यातलं काही दिसत नाही. २००४ मध्ये पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणं दिली. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

तेव्हा मंडळी, जाड माणसाला हिणवू नका. आणि आपण बारीक म्हणून साखर तपासायची टाळू नका. भेटू पुढच्या भागात.