थॅलिडोमाइडबाधितांचे पुनर्वसन

थॅलिडोमाइड या शामक औषधाच्या दुष्परिणामामुळे अपुऱ्या हातापायांनी जन्मलेल्या व्यक्तींना प्रौढपणी स्वावलंबी जीवन जगता यावे, यासाठी विशेषतः ब्रिटन व पश्चिम जर्मनी या देशांत उभी राहिलेली साहाय्यव्यवस्था. हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये व ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये विक्रीस आले. झोपेसाठी, तसेच गरोदरपणातील मळमळीवर ते दिले जाई. हँबर्ग येथील बालरोगतज्ञ व्हीडूकिंट लेन्ट्स यांनी जन्मजात व्यंगांशी असलेला त्याचा संबंध निदर्शनास आणल्यावर १९६१ च्या अखेरीस दोन्ही देशांत त्याची विक्री थांबविण्यात आली. तोपर्यंत जगात दहा हजारांहून अधिक बालके बाधित झाली होती.

प्रारंभीच्या पुनर्वसनात कृत्रिम अवयवांवर भर होता. हायड्‌लबर्ग, एडिंबरो इ. ठिकाणी दाबयुक्त वायूवर चालणारे कृत्रिम हात तयार करण्यात आले. तथापि ते जड असून त्यांतून स्पर्शज्ञान होत नसे. बऱ्याच मुलांनी पायांच्या बोटांनी लिहिणे व जेवणे आधीच आत्मसात केले होते. त्यांनी वयात येईपर्यंत हे हात टाकून दिले. शरीर इतरांसारखे दिसणे व शरीराने काम करता येणे, ही दोन उद्दिष्टे भिन्न असल्याचे यावरून स्पष्ट झाले.

आर्थिक साहाय्य दीर्घ संघर्षानंतरच मिळाले. पश्चिम जर्मनीत उत्पादक कंपनीने १९७० मध्ये १० कोटी मार्क देण्याचे मान्य केले आणि १९७१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानामार्फत आजीव मासिक वेतन सुरू झाले. ब्रिटनमध्ये द संडे टाइम्स या वृत्तपत्राने १९७२ मध्ये चालविलेल्या मोहिमेनंतर १९७३ मध्ये थॅलिडोमाइड न्यासाची स्थापना झाली. व्यंगाच्या तीव्रतेनुसार प्रतिवर्षी रक्कम देण्याची पद्धत न्यासाने अवलंबिली.

ही पिढी १९७५ नंतरच्या काही वर्षांत प्रौढ झाली. आता उच्च शिक्षण, नोकरी, स्वतंत्र निवास व विवाह हे प्रश्न पुढे आले. ब्रिटनमधील प्रवासभत्ता (१९७६) व तो भरून मोटारगाडी मिळवून देणारी मोटॅबिलिटी योजना (१९७७) त्यांना उपयुक्त ठरली. पायांनी चालविता येतील असे बदल केलेल्या गाड्यांमुळे अनेकांचे इतरांवरील अवलंबन कमी झाले. अनेकांनी नोकऱ्या पतकरल्या व संसार थाटले.

वर्षानुवर्षे पाय, दात व पाठीचा कणा यांवर पडलेल्या अतिरिक्त ताणामुळे मध्यम वयात सांधेदुखी व झीज उद्‌भवली आणि पूर्वीचे स्वावलंबन ओसरू लागले. बालपणी केलेला खर्चाचा अंदाज त्यामुळे अपुरा ठरला. ब्रिटिश शासनाने २०१० मध्ये खेद व्यक्त करून इंग्लंडमधील बाधितांच्या आरोग्यविषयक गरजांसाठी तीन वर्षांकरिता २ कोटी पौंडांची तरतूद केली. जर्मनीत २०१३ मध्ये कमाल मासिक वेतन १,१५२ यूरोंवरून ६,९१२ यूरोंपर्यंत वाढविण्यात आले. जन्मजात अवयवन्यूनतेचे पुनर्वसन प्रौढत्वाच्या उंबरठ्यावर संपत नाही, ते आयुष्यभर चालू ठेवावे लागते, हे तत्त्व या इतिहासातून प्रस्थापित झाले.